मागच्या खोलीतलं पाणी

रफूवालीच्या कामाची खूण एकच होती. ते दिसायचं नाही. कोटाच्या बाहीला निखाऱ्यानं पडलेलं भोक असो की शालीला उंदरानं पाडलेली खिडकी, ती त्याच कापडाच्या शिवणीच्या पोटातून धागा ओढून काढायची आणि उभ्याआडव्या धाग्यांची जाळी अशी भरायची, की गिऱ्हाईक कोट उजेडात धरून शोधत बसायचं. शेवटी विचारायचं, "बाई, माझाच कोट दिलात ना?" ती मान वर न करता म्हणायची, "भोक सापडलं तर परत आणा." आजवर कुणी परत आलं नव्हतं.

हे काम ती मागच्या खोलीत करायची. ओढ्याला पाठ करून उभ्या असलेल्या, एकमेकींना खेटून बांधलेल्या घरांच्या रांगेतलं तिचं घर शेवटून दुसरं. पुढची खोली रस्त्याच्या बाजूला, मधे स्वयंपाकघर आणि मागे ही खोली. हिला एकुलती एक मोठी खिडकी होती, ओढ्याकडे उघडणारी. म्हणजे तिकडे उघडायची सोय होती इतकंच. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नवरा म्हणाला होता, "या खिडकीला हात लावायचा नाही हां. एकदा का तो वास पाहुणा म्हणून आत आला, की मुक्काम ठोकतो." खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या होत्या. काचेतून उजेड यायचा, तेवढा सुईला पुरायचा.

नवरा बस चालवायचा. मोठा गडगडाटी आवाजाचा माणूस. घशाच्या दुखण्यानं आधी त्याचा आवाज नेला आणि मग त्याला. शेवटचे महिने तो या मागच्या खोलीतच होता, लोखंडी पलंगावर. हाक मारता येत नसे म्हणून बोटाच्या पेरानं पलंगाच्या दांडीवर वाजवायचा. दोन लागोपाठ, मग जरा थांबून एक. ठकठक... ठक. बसमध्ये कंडक्टर घंटीची दोरी ओढायचा, तीच ती खूण. दोन म्हणजे निघा, एक म्हणजे थांबा. दोघींपैकी जी जवळ असेल ती हातातलं टाकून धावायची.

दोघी म्हणजे ती आणि तिची नणंद. वन्संनी लग्न केलं नाही. उभी हयात टेलिफोनच्या कचेरीत, कानाला यंत्र लावून गेली. "हॅलो, कोण बोलतंय?" एवढ्या तीन शब्दांना मिळालेल्या उत्तरावरून समोरच्याचं वय, पोट भरलेलं आहे की नाही, आणि खरं बोलतोय की थापा मारतोय, हे सगळं सांगायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाजातला तो तलम परकेपणा गेला नव्हता. दोघींचं पटायचं असं कुणी म्हणणार नाही. चहात साखर किती, दिवा केव्हा मालवायचा, कशावरून म्हणून वाजत नसे! पण एक बाहेर गेली की दुसरी दाराकडे बघत बसायची. भाऊ गेल्यावर लोकांना वाटलं, आता दोघी वेगळ्या होतील. कुठल्या होतात! भांडायला हक्काचं माणूस सहजासहजी मिळत नाही.

मग ओढ्याचं काम निघालं.

आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. ओढा काळा असतो, जसं आकाश वर असतं, तसंच ते. पण सरकारी गाड्या आल्या, गाळ उपसणारी यंत्रं आली आणि त्यांच्यामागून गुडघाभर बूट घातलेली एक बारकीशी बाई आली. तिला सगळे ओढ्याची मॅडम म्हणू लागले. ती दारोदार फिरली. सगळ्यांचे सांडपाण्याचे जुने, फुटके नळ बदलून नवीन, घट्ट नळ टाकले. घाण ओढ्यात न जाता दूरच्या शुद्धीकरणाच्या कारखान्याकडे वळवली. यंत्रांनी काळा गाळ काढला; त्यातून सायकली, गाद्या, एक अख्खं कपाट निघालं. काठाची सिमेंटची भिंत फोडून उतरते मातीचे काठ केले, त्यांवर लव्हाळं आणि पाणकणीस लावलं. मॅडमनं मासोळ्यांची पिल्लंही आणून सोडली.

आणि ओढा आटला.

नाही म्हणायला तळाशी एक ओघळ होती, कोमट, कोपऱ्याकोपऱ्यात साचणारी. इतकी वर्षं जे वाहताना दिसत होतं ते पाणी नव्हतंच. सगळं आपल्याच मोऱ्यांमधलं होतं. ते वळवल्यावर उरलं काय? लव्हाळ्याची पाती पिवळी पडली. मासोळ्या पांढरी पोटं वर करून तरंगल्या. शेजारच्या शेवटच्या घरात एक कुलूपवाला राहायचा, किल्ल्या घासून द्यायचा, तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "ऑपरेशन झकास झालं हो. फक्त रोगी गेला."

पण वास गेला होता. एके दुपारी रफूवालीनं खिडकीच्या फटींतल्या चिंध्या सुईच्या टोकानं एकेक करून उपसल्या आणि खिडकी उघडली. बिजागरं कुरकुरली. बाहेरून वारा आला नाही, आवाज आला नाही, काहीच आलं नाही. तिनं या शहरात इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. पूर्वी ओढा सतत काहीतरी पुटपुटत असायचा, खदखदायचा. त्याची कानाला इतकी सवय झाली होती की तो गप्प झाल्यावरच कळलं, तो बोलत होता म्हणून. ती खुर्चीत बसली, राखाडी कोटाची बाही चौकटीवर ताणली, सुई घातली.

ठकठक.

तिचा हात थांबला. कुलूपवाला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि हे सांगून होईतो पायाखालून, अगदी पायाखालून, तिसरा ठोका आला.

ठक.

उन्हाळ्याचे दिवस, दुपारची वेळ. बाहेर लख्ख उजेड. तरी तिच्या मानेवरचे केस ताठ उभे राहिले. पलंग कधीच काढून टाकला होता, पण तो जिथे होता ती जागा तिला पाठ होती. आवाज तिथूनच आला होता. तिनं त्या दिवशी पुढे एकही टाका घातला नाही. वन्संना काही सांगितलंही नाही. सांगायचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी आवाज आला, तिसऱ्या दिवशी नाही, मग सलग काही दुपारी आला. आणि मग फरशीवर एक डाग उमटला. आधी तळहाताएवढा, नुसता काळसरपणा. ती पुसायची, तो पुन्हा यायचा. आठवड्याभरात तो वाढला आणि वाढता वाढता त्याला आकार आला. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजलेलं माणूस दिसावं तसा. तिनं मुद्दाम दुसऱ्या कोपऱ्यातून बघितलं, मग खुर्चीवर चढून बघितलं. कुठूनही बघा, निजलेलंच माणूस. तिनं त्यावर एक जुनी गोधडी टाकली. संध्याकाळी उचलली तर ती खालून बर्फासारखी गार, आणि तिच्यावरही तोच आकार.

"वहिनी, पाणी सांडलंत की काय मागे?" वन्संनी दारातूनच विचारलं.

"हो, सांडलं."

"रोज सांडतं?"

"हात कापतात हल्ली."

वन्संनी तिच्या हातांकडे पाहिलं. ते हात नजरेला न दिसणारा धागा सुईत ओवायचे.   

रस्त्यावरची मांजर पूर्वी खोलीत येऊन लोकरीच्या ढिगावर ताणून द्यायची. ती आता उंबऱ्यापाशी थांबे, डागाकडे बघे आणि मागच्या पावली परते. कुलूपवाल्यानंही एकदा भिंतीपलीकडून हाक मारली, "वहिनी, ठोकाठोकी काय चाललीय भरदुपारी?" म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं. तिला बरं वाटायला हवं होतं. वेड लागलेलं नाही याची खात्री पटली होती. पण उलटंच झालं. भास असता तर तिच्यापुरता राहिला असता.

मग एका दुपारी ती एका डॉक्टरीणबाईंचा कोट पोचवून लवकर परतली. दार नुसतं लोटलेलं होतं. पुढच्या खोलीत वन्सं नव्हत्या, स्वयंपाकघरात नव्हत्या. मागून बोलण्याचा आवाज येत होता, तलम, परका, कचेरीतला.

"हॅलो. कोण बोलतंय?"

रफूवाली दारात खिळून उभी राहिली. वन्सं जमिनीवर पालथ्या झाल्या होत्या. गुडघ्यांच्या दुखण्यानं ज्यांना खुर्चीतून उठताना हात द्यावा लागे त्या वन्सं ओल्या फरशीवर, त्या निजलेल्या माणसाशेजारी आडव्या होत्या आणि एक कान जमिनीला लावलेला होता.

"जरा मोठ्यानं बोला. ऐकू येत नाही. हॅलो?"

ठकठक... ठक.

"हो," वन्सं म्हणाल्या. "आले. इथेच आहे."

रफूवालीच्या हातातली पिशवी खाली पडली. वन्संनी मान वळवली. गालाला ओल लागली होती, ती पाण्याची की कशाची ते कळायला मार्ग नव्हता.

"दादा आहे," त्या म्हणाल्या.

"वन्सं, उठा. गारठाल."

"तुम्हाला माहीत होतं, वहिनी."

"हो."

"किती दिवस?"

"खिडकी उघडली त्या दिवसापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

 रफूवालीनं त्यांना उठवून उभं केलं, त्यांचे कपडे बदलले, गरम चहा दिला. दोघी पुढच्या खोलीत बसून राहिल्या आणि दोघींचं लक्ष मागे होतं.

या गोष्टीला फाटा फुटला तो दोन दिवसांनी, आणि एका किड्यामुळे. रफूवाली फरशी पुसत होती. डागाच्या मधोमध दोन फरश्यांच्या सांध्यातून पाण्याचा थेंब वर आला, फुगला, फुटला, आणि त्यातून काहीतरी हललं. नखाच्या अर्ध्याएवढं. पांढरं, पांढरंही नव्हे, रंगच नसलेलं, काचेचं असावं तसं. त्याला बारीक पाय होते, खूप. ते वळून वळून सरकत होतं. तिनं सुईचं काम करायचं भिंग लावून पाहिलं. त्याला डोळे नव्हते. डोळ्यांची जागाही नव्हती. मग त्याच सांध्यातून दुसरं आलं.

किंचाळावंसं तिला वाटलं. पण आयुष्यभर बारीक गोष्टींकडे निरखून पाहिलेलं; घाबरली तरी नजर हटेना. तिनं वाटीत पाणी घेतलं, कागदाच्या कपट्यानं दोघांनाही त्यात सोडलं, वर बशी झाकली आणि ओढ्यावर गेली.

मॅडम पाण्यात उभी होती. पाणी कसलं, घोट्याला लागेल एवढं. हातातल्या काडीसारख्या यंत्रानं ती पाण्याचं तापमान बघत होती. चेहरा ओढलेला. रफूवालीनं वाटी पुढे केली.

मॅडमनं बशी उचलली. बघितलं. बूट चिखलात तसेच ठेवून ती काठावर बसलीच.

"हे कुठे मिळालं?"

"घरात. फरशीतून येतंय." आणि मग रफूवालीच्या तोंडून सगळंच बाहेर पडलं, डाग, गारवा, मांजर. ठोक्यांचं मात्र तिनं "काहीतरी वाजतं" एवढंच सांगितलं.

"कुठलं घर तुमचं?"

तिनं बोट दाखवलं. मॅडमनं त्या खिडकीकडे पाहिलं, मग खिडकीच्या बरोबर खालच्या काठाकडे.

"या एकाच जागी पाणी गार लागतं," ती म्हणाली. "मी महिनाभर डोकं खाजवतेय. बाकी ओढा कोमट आणि इथे हात घातला की बोटं सुन्न. यंत्र बिघडलं म्हणून दुसरं आणलं, तर तेही तेच सांगतं." तिनं वाटी उन्हापासून आडोशाला धरली. "हे जीव जमिनीच्या पोटात राहतात. अंधारात. डोळे लागतच नाहीत त्यांना. आणि पाणी जरा जरी घाण झालं की मरतात. यांना जिवंत बघायला लोक डोंगरातल्या गुहांमध्ये जातात हो, आणि तुम्ही वाटीतून घेऊन आलात!"

तिनं जे सांगितलं ते असं. रांगेखाली कुठेतरी झरा आहे, जुना आणि जोरकस. इतकी वर्षं तो फुटक्या सांडपाण्याच्या नळांमध्ये झिरपून घाणीबरोबर वाहून जात होता. नळ नवे, घट्ट टाकले आणि त्याची वाट बंद झाली. आता तो कोंडलाय आणि वर येतोय.

"मग?" रफूवालीनं विचारलं.

"दोन रस्ते. वरच्या साहेबांना कळवलं तर ते जमिनीत सिमेंट भरून तोंड बंद करतील. घर कोरडं राहील. नाहीतर फरशी फोडायची, तोंड शोधायचं आणि पाण्याला ओढ्याची वाट करून द्यायची. मग ओढा जगेल. पण तुमची खोली जाईल. कायमची." मॅडमनं वाटी तिच्या हातात परत दिली. "घर तुमचं. मी जोर करणार नाही. पण मनातलं विचाराल तर, हात जोडते."

घरी येऊन रफूवालीनं वन्संना सांगितलं. वन्संनी सगळं ऐकून घेतलं. पाणी आहे, झरा आहे, किडे आहेत.

"म्हणजे दादा नाही."

"मी असं कुठे म्हटलं?"

"फोडू नका."

"वन्सं, मग ते सिमेंट..."

"तेही नको. काही नको. राहू दे आहे तसं." आणि मग तो कचेरीतला आवाज पहिल्यांदाच चिरकला. "उघडलं आणि आत कुणीच नसलं तर, वहिनी? मग काय करायचं?"

 रफूवालीलाही तीच धास्ती होती. आतून काय निघेल याची भीती एक वेळ परवडली. काहीच निघालं नाही तर माणूस दुसऱ्यांदा जातो. तिनं मॅडमला निरोप धाडला, थांबा म्हणून. त्या दिवसांत दोघी मागच्या खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून शेजारी शेजारी बसायच्या. भांडणं बंद होती. ठोका पडला की वन्सं "हो" म्हणायच्या. डाग भिंतीला जाऊन भिडला. भिंतीला पोपडे आले. कुलूपवाल्यानं पलीकडून ओरडून विचारलं, की तुम्ही तिथे कुणाशी बोलता, आणि उत्तर न आल्यावर आपली लोखंडाची कपाटं त्या भिंतीपासून लांब सरकवली. सरकवण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

ठोके आता घाईचे झाले होते. दोन आणि एक, दोन आणि एक, मधे उसंत नाही.

वन्सं ऐकत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "वहिनी, दादानं वाजवलं आणि आपण गेलो नाही, असं कधी झालं?"

"कधीच नाही."

"झोपेत?"

"झोपेतही नाही."

"मग इतके दिवस वाजवतोय आणि आपण नुसत्या बसून काय राहिलोय?" त्यांनी भिंतीला धरून उभं राहायचा प्रयत्न केला. "बोलवा तुमच्या मॅडमला."

गवंडी आला तो सकाळचा. मॅडम होती, आणि भीती वाटूनही चैन न पडलेला कुलूपवाला दारात होता. गवंड्यानं पहार मारली, फरश्या निघाल्या. खाली विटांचा चुरा, त्याखाली काळी ओली माती. आवाज चालूच होता. पहारेच्या घावांच्या मधेमधे तो यायचा आणि गवंडी दर वेळी थबकायचा. "कुणी आहे का हो खाली?" त्यानं एकदा हसत विचारलं. कुणी हसलं नाही, मग तोही हसायचा थांबला.

मातीखाली लोखंड लागलं. गोल, गंजलेलं झाकण, गाडीच्या चाकाएवढं, मधोमध जाड कडी. चहूकडून दगड बसवलेले. सगळे वाकून बघत असतानाच झाकणाची एक कड सावकाश उचलली गेली. खालून कुणी तळहातानं ढकलावी तशी. दोनदा दगडावर आपटली. मग एक दीर्घ सुस्कारा निघाला, कड पुन्हा वर आली आणि खाली पडली.

ठकठक... ठक.

गवंड्यानं पहार टाकली आणि तो भिंतीपर्यंत मागे गेला. "मी नाही हात लावणार."

"हवा आहे," मॅडम म्हणाली. "पाणी चढतंय, हवा कोंडते आणि..." पण तीही एक पाऊल मागे सरली.

पुढे झाल्या त्या वन्सं. रफूवालीच्या खांद्याचा आधार घेऊन गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी लोखंडावर पालथा हात ठेवला. झाकण हाताखाली उचललं गेलं. त्यांनी हात काढला नाही. आजाऱ्याच्या छातीवर ठेवावा तसा ठेवला आणि त्याच्याबरोबर वरखाली होऊ दिला.

"काढा," त्या म्हणाल्या.

रफूवालीनंच पहार कडीत घातली. मॅडमनं दुसरं टोक धरलं. लाजून मग गवंडीही आला. झाकण कललं आणि आतून वारा निघाला. थंड, दगडाचा वास असलेला, कुणाच्याही फुप्फुसात कधी न गेलेला असावा असा. भर उन्हाळ्यात प्रत्येकाच्या तोंडातून वाफ दिसली. मग तोही ओसरला.

खाली दगडांनी बांधलेलं कुंड होतं. कुणी बांधलं, केव्हा झाकलं, या रांगेत कुणाला ठाऊक नव्हतं. घरं उठली तेव्हा वरून भर घालून टाकली असणार. मॅडमनं आत बॅटरीचा झोत सोडला. आधी वाटलं कुंड कोरडं आहे, इतकं ते पाणी नितळ होतं. तळाचा एकेक दगड दिसत होता, आणि त्या दगडांवरून शेकडो पांढरे, आंधळे जीव हलत होते. झोत पडला तसे ते सगळे एकदम वळले. डोळे नसलेले ते जीव कशानं वळले कोण जाणे.

वन्सं कडेवर वाकल्या. रफूवालीनं त्यांना पाठीमागून घट्ट धरलं.

"हॅलो," वन्सं म्हणाल्या. "कोण बोलतंय?"

दगडांतून आवाज परत आला. त्यांचाच, पण जाड होऊन, खाली उतरून, पुरुषी होऊन आला. शब्द स्पष्ट नव्हते. कुलूपवाला दारातून नाहीसा झाला. त्याची पावलं रस्त्यापर्यंत पळताना ऐकू आली.

वन्सं डोळे मिटून ऐकत राहिल्या, तो आवाज पार विरेपर्यंत. आयुष्यभर अनोळखी माणसांना ऐकत आलेला तो कान. त्यात त्यांना काय ऐकू आलं ते त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही आणि रफूवालीनं विचारलं नाही.

"लाइन मोकळी आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "वहिनी, उठवा मला. गुडघे गेले."

पुढचं काम रीतसर झालं. कुंडातून भिंतीखालून ओढ्यापर्यंत दगडी पाट काढला. त्या जिवांना अंधार लागतो म्हणून मॅडमनं कुंडावर नवं झाकण बसवून घेतलं, जाड लाकडाचं, न हलणारं. खोली गेली ती गेलीच. तिथे आता कापड ठेवलं की दोन दिवसांत बुरशी धरतं. रफूवालीनं आपली खुर्ची आणि चौकट पुढच्या खोलीत आणली. तिथला उजेड खोटा, सकाळी जास्त आणि दुपारी कमी. कित्येक दिवस तिचे टाके दिसत राहिले आणि तिला उसवून पुन्हा घालावे लागले. काही गिऱ्हाईकं तुटली. त्या बायकांनी घरात काहीतरी पाळलंय, असं कुलूपवाल्यानं गावभर केलं होतं. कोट फाटका चालेल पण त्या घरातला नको, असं म्हणणारेही निघाले. त्यातले बरेचसे थंडी पडल्यावर मुकाट्यानं आले.

पण सगळ्यात अवघड गेली ती झाकण काढल्यानंतरची पहिली दुपार. दोघी पुढच्या खोलीत बसल्या होत्या. ठोका पडायची वेळ झाली आणि गेली. मागून फक्त पाण्याचा आवाज येत होता, एकसारखा, कुणालाच उद्देशून नसलेला. वन्संनी हातातला कप खाली ठेवला आणि त्या रडल्या. भाऊ गेला तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. तेव्हा माणसं होती, कामं होती, खिडकी बंद होती. रफूवाली त्यांच्या जवळ जाऊन बसली. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती. डोळे पुसून वन्सं म्हणाल्या, "चहात साखर कमी होती आज." तेव्हा तिला कळलं की आता होईल सगळं ठीक.

ओढ्यानं वेळ घेतला. गार पाणी आधी घरांमागच्या डोहात भरलं, मग वळणं घेत खाली गेलं. लव्हाळ्यानं नवी पाती काढली. चतुर आले, मग बेडूक. एके सकाळी एक खंड्या पाणकणसावर बसलेला मॅडमला दिसला, तर ती कामावरच्या सगळ्यांना गप्प राहायच्या खुणा करत नाचत होती. थंडीत तर गंमतच झाली, गंमत म्हणावी तर. जमिनीखालचं पाणी बाराही महिने एकाच तापमानाचं असतं. हवा गारठली की त्याच्यावर वाफ धरते. पहाट उलटून गेली तरी ओढ्यावर कमरेइतकं धुकं असायचं, घरांच्या मागून निघून पार पुलापर्यंत. काठानं फिरायला येणारी माणसं त्यातून चालायची ती अर्धीच दिसायची, पाय नसलेली, सावकाश तरंगत जाणारी. आणि त्या धुक्यात ओळखीचे लोकही एकमेकांना हाक मारायचे नाहीत. का, ते कुणी सांगू शकलं नसतं.

उन्हाळा परत आला. या खेपेला ओढा आटला नाही. मॅडमची बदली दुसऱ्या कुठल्याशा ओढ्यावर झाली होती; जाण्याआधी ती भेटायला आली, वन्संच्या हातचा कडू चहा प्याली आणि म्हणाली, "या आता पाण्यात एकदा. इतकं केलंत, आणि पाय तरी भिजवलेत का?"

म्हणून एका दुपारी रफूवालीनं वन्संना हाताला धरून काठाची उतरण उतरवली. वन्संना पाण्याची धास्ती. आयुष्यात कधी गुडघ्यावर पाणी आलेलं माहीत नाही. एका सपाट दगडावर दोघी बसल्या. वन्संनी चपला काढल्या, शेजारी नीट जोडून ठेवल्या आणि एकेक पाय आत सोडला.

"बाई गं, काय गार आहे!"

"नको तर काढा."

"राहू द्या."

काठाखाली, लव्हाळ्याच्या मुळांपाशी पाणी काळोखं होतं. तिथलं काही दिसत नव्हतं. वन्सं एकदम ताठ झाल्या. त्यांनी रफूवालीचं मनगट पकडलं, इतकं घट्ट की नखं रुतली.

"वहिनी, माझ्या पायाला कुणीतरी हात लावलाय."

रफूवालीनं वाकून पाहिलं. अंधारातून आधी एक, मग पाच-सहा बारीक रुपेरी मासोळ्या बाहेर आल्या, वन्संच्या टाचेपाशी घुटमळल्या, टोचून पाहून गेल्या आणि परत आल्या.

"मासे आहेत, वन्सं. काढा पाय."

वन्संनी पाय काढला नाही. मनगटावरची पकडही लगेच सैल केली नाही. त्या खाली बघत राहिल्या, ओठ दाबून, आणि मग त्यांच्या खांद्यांतून हसू हलायला लागलं.

"गुदगुल्या करतायत मेले," त्या म्हणाल्या.